पुढची तीन वलयं

१२ ऑगस्ट

महोदय,

तुमचा अभिप्राय संपादकांकडून पोचला. खाली नाव नव्हतं. नसतंच. परीक्षकाने नाव लपवायचं आणि लेखकाला ते कळलं तरी त्याने कळलं नाही असं दाखवायचं, हा आपल्या धंद्यातला शिष्टाचार आहे. मी आज तो मोडते आहे, म्हणून हे पत्र संपादकांमार्फत न पाठवता तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. पत्ता माझ्याकडे होताच. वापरायची वेळ आली नव्हती.

सातव्या मुद्द्यात तुम्ही सापडलात. "वलयं दोनदा मोजावीत, एकदा डोळ्याने, एकदा सुईने." हे वाक्य जगात दुसरं कोणी लिहीत नाही. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून तुम्ही मला गांडुळाची वलयं मोजायला शिकवलीत तेव्हा हेच म्हणाला होतात. गांडूळ भाताच्या पातेल्याच्या इतकं जवळ होतं की आई पातेलं उचलून आत निघून गेली होती. मी अजूनही तशीच मोजते. या माहितीचा तुम्ही भलता अर्थ लावू नये म्हणून आधीच सांगते: ही सवय आहे, श्रद्धा नाही.

पेपरवर माझं नाव तुम्हाला दिसत होतं. मी आईचं आडनाव लावते हेही तुम्हाला माहीत आहे. तरी "लेखिका माझी मुलगी आहे, मला तपासता येणार नाही" असं तुम्ही संपादकांना कळवलं नाहीत. मुलगी हा मुद्दा तुमच्या बाजूने केव्हाच निकालात निघाला असेल, तर तसंही असो. नाहीतरी जगात गांडुळांची वलयं मोजणारी माणसं एका बसमध्ये मावतील आणि त्यातली निम्मी वाटेत भांडून उतरतील. परीक्षक आणायचा कुठून, हा संपादकांचाही प्रश्न असतो.

आता तुमचा पहिला मुद्दा. तुम्ही म्हणता, ज्याच्या अंगावरचा फुगीर पट्टा चौदाव्याऐवजी बाराव्या वलयापासून सुरू होतो असं एक गांडूळ याच जंगलातून पूर्वी नोंदलं गेलं आहे. लेखिकेने त्या जातीचा मूळ नमुना स्वतः पाहावा आणि आपलं गांडूळ त्याहून वेगळं आहे हे दाखवावं. नाहीतर तिचे नमुने त्याच जातीचे धरावेत. म्हणजे माझी नवी जात नवी राहणार नाही.

ती जुनी जात तुमची आहे. तुमची एकुलती एक. आईच्या नावाला लॅटिन शेपूट लावून तुम्ही तिचं नाव ठेवलंत. ती एकाच नमुन्यावर उभी आहे आणि तो नमुना आमच्या संग्रहालयात, माझ्या खोलीच्या दोन मजले खाली, एका बरणीत आहे. मी इथे नोकरीला लागल्यापासून ती बरणी कधी खाली काढली नाही. लागली नाही, असं मी लोकांना सांगते.

पेपरमध्ये लिहिता येत नाही असं थोडं लिहिते. माझी गांडुळं जंगलखात्याच्या चौकीमागच्या उतारावर मिळाली, कुजलेल्या पानांच्या थराखाली चार बोटं, जिथे माती चहाच्या चोथ्यासारखी मोकळी होते. रंग राखेत थोडी शाई पडावी तसा. तळहातावर ठेवलं तर इतर गांडुळांसारखं वळवळत नाही, स्वस्थ पडून राहतं, जणू निकाल लागेपर्यंत थांबलं आहे. नवीन जात सापडली की माणूस नाचत असेल असं बाहेरच्यांना वाटतं. मी बोटं पुसली आणि पुन्हा मोजलं. बारा. दुसरं घेतलं. बारा. सगळ्या वयात आलेल्या नमुन्यांत बारा.

तुम्ही सांगितलंत म्हणून मी आता ती बरणी उघडणार आहे. हे तुम्ही सांगितलंत, एवढं लक्षात ठेवा.

लेखिका


६ सप्टेंबर

बाबा,

तुमचं उत्तर मिळालं. चार पानं. त्यात तुमचे गुडघे, तिकडची हवा आणि तुमच्या तिकडच्या धाकट्या मुलीची परीक्षा आहे. शेवटी, "माझं वाक्य तू लक्षात ठेवलंस याचा आनंद झाला." परीक्षक तुम्हीच का, यावर हो नाही आणि नाहीही नाही. तुमची ही हातोटी मी विसरले होते. तीन महिन्यांसाठी जातो म्हणून निघालात तेव्हाही परत येणार नाही असं तुम्ही कुठेच म्हटलं नव्हतं.

बरणी उघडली.

नमुन्यांच्या तळघराची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना इथे सगळे बरणीमामा म्हणतात, अगदी तोंडावर. तुमच्या वेळी ते नवे होते. त्यांना तुम्ही आठवता, पण आठवणीबद्दल ते फार बोलले नाहीत. बरणीवरची धूळ पुसून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "नवऱ्याने बायकोला बरणीत घालून ठेवल्याची आपल्याकडे ही एवढीच नोंद." मग मी हसले नाही हे पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली आणि स्पिरिट बदलायचं आहे असं सांगून ते बाहेर गेले. स्पिरिट स्वच्छ होतं.

वरून पाहिलं तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पट्टा बाराव्या वलयापासून. एकदा डोळ्याने, एकदा सुईने. बारा.

पण पुढची तीन वलयं बारीक आहेत. मागच्या वलयांच्या निम्मीसुद्धा रुंद नाहीत. त्यांची कातडी पातळ आहे, रोम खुरटे आहेत आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये अंगाभोवती एक बारीक वळ आहे. तुम्ही पोटाकडून घेतलेला छेद मी उघडला. छेद सुरेख आहे. तुमचा हात चांगला होता. आत त्या तीन वलयांमधले पडदे नीट बनलेलेच नाहीत. चौथ्यापासून सगळं जागच्या जागी आहे. पेषणी, हृदयं, शुक्रपिशव्या, सगळं नेहमीच्या गांडुळासारखं, फक्त प्रत्येक गोष्ट दोन वलयं पुढे.

ते नेहमीचंच गांडूळ आहे, बाबा. जे त्या उतारावर फावडं मारलं की मूठभर निघतं, ते. त्याचं तोंड कधीतरी फावड्याखाली तुटलं. पाच वलयं गेली. ते मेलं नाही. मातीत गेलं आणि त्याने नवं तोंड उगवलं. पण तोंड उगवताना गांडूळ हिशेब पुरा करत नाही. पाच गेली, तीन आली. दोन कायमची कमी पडली, म्हणून चौदावं होतं ते बारावं झालं. तुम्ही ज्याला जात म्हणालात तो घाव होता, भरलेला.

त्याच खड्ड्यातली त्याच दिवशीची आणखी पाच गांडुळं शेजारच्या बरणीत आहेत. ती तुम्ही नेहमीची म्हणून नोंदवलीत. सगळ्यांचा पट्टा चौदाव्यापासून. आधीच्या वर्षीही तुम्ही तिथे खड्डे घेतले होते, असं तुमच्याच लेखात आहे. म्हणजे घाव तुमच्याच फावड्याचा असू शकतो. असेलच असं नाही. सांगता येत नाही तिथे मी सांगत नाही.

माझी गांडुळं तशी नाहीत. त्यांचं तोंड जन्माचं आहे, पडदे पुरे आहेत आणि पेषण्या दोन आहेत. बाहेरून बारा आणि बारा. आतून एकमेकांशी काही संबंध नाही.

एका गोष्टीचा मला अर्थ लागत नाही. तुमच्या लेखातलं चित्र आईने काढलं आहे. त्यात पुढची तीन वलयं इतरांसारखीच रुंद आहेत. आईने आयुष्यात कधी दिसलं त्याहून वेगळं काढलेलं मी पाहिलेलं नाही. लहानपणी मी काढलेल्या घोड्याला तिने "पाय दुमडून काढ, बसलाय ना तो" असं सांगून पुसायला लावलं होतं. मी पाच वर्षांची होते.

हे अजून मी कोणाला बोलले नाही. एकच विचारायचं आहे. तुम्हाला माहीत होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. हवा नको, गुडघे नकोत.


२७ सप्टेंबर

बाबा,

हो नाही, नाही नाही. तुमच्याकडून अडीच पानं आली आणि त्यात दोन युक्तिवाद आहेत. दोन्हींना क्रमाने उत्तर देते.

पहिला. वलयं स्पिरिटमध्ये आक्रसली असतील, असं तुम्ही म्हणता. मुळात ती सारखीच होती आणि याचा पुरावा म्हणजे छापलेलं चित्र, "जे एका अत्यंत काटेकोर चित्रकाराने ताज्या नमुन्यावरून काढलं आहे." चित्रकाराचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. लिहिताना तुमचा हात थांबला असेल असं मला वाटून घ्यायचं होतं, पण वाक्य सलग आहे, खाडाखोड नाही.

स्पिरिटने आक्रसायचं तर सगळं अंग आक्रसतं. निवडून पहिली तीनच वलयं आक्रसायला स्पिरिटला तुमच्याशी वैर असावं लागेल. आणि पडदे? पडदे आक्रसत नाहीत, असतात किंवा नसतात. हे तुम्हीच मला शिकवलं असतंत, राहिला असतात तर.

दुसरा. मी पेपरमध्ये असं लिहावं, की मूळ नमुना जुना आणि छेद घेतलेला असल्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही. सबब माझे सगळे सोळा नमुने तुमच्या जातीचे समजावेत. म्हणजे तुमची जात एका नमुन्यावरून सतरा नमुन्यांवर जाईल, पक्की होईल आणि, तुमचे शब्द, "तुझ्या आईचं नाव राहील. तिच्याकडे माझं म्हणून तेवढं एकच आहे."

मोजणी चुकली आहे. तुमचं म्हणून तिच्याकडे आणखी एक होतं. दोनदा मोजायचं होतं.

मला काय गमवावं लागेल हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते, म्हणजे सौदा दोन्ही बाजूंनी दिसेल. माझा करार वर्षाअखेरीस संपतो. आमचे संचालक वाईट नाहीत. ते एवढंच म्हणाले, की नवी जात छापून आली तर पुढचं बोलायला त्यांच्या हातात काहीतरी असेल. जुन्या जातीचे आणखी काही नमुने मिळाले, या बातमीवर कोणी कोणाला कायम करत नाही. मग मी आणि माझी राखेच्या रंगाची गांडुळं, दोघंही आपापल्या वाटेने मातीत.

तरी खरं सांगते, तुमचं पत्र वाचून मी आठवडाभर काही लिहिलं नाही. तुमच्यासाठी नाही.

आईचं तुम्हाला काही ठाऊक नसेल. संग्रहालयातली चित्रकाराची नोकरी सोडल्यावर ती घरच्याच पुढच्या खोलीत मुलांना चित्रकला शिकवते. आता तिचा उजवा हात कापतो. कप बशीवर ठेवताना आवाज होतो. स्वतः काढत नाही, मुलांच्या कागदावर बोटाने हवेत रेघ ओढून दाखवते. त्या खोलीच्या भिंतीवर तुमच्या लेखातलं ते छापील चित्र काच लावून टांगलेलं आहे. नवीन आलेली मुलं विचारतात, हे काय. मग जुनी मुलं सांगतात, बाईंच्या नावाचं गांडूळ. आणि आई दर वेळी तेच म्हणते, "लोक बायकोच्या नावाने घर बांधतात, होडी सोडतात. माझ्या नशिबी गांडूळ. खायला मागत नाही, एवढं बरं." मुलं हसतात. चित्राची काच ती स्वतः पुसते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

हे मी लहानपणापासून पाहत आले. म्हणून आठवडाभर थांबले. तुमची जात बुडवायची म्हणजे ते चित्र त्या भिंतीवरून उतरवायचं, आणि ते माझ्या हाताने. तुम्ही नेमका तिथे हात घातलात. माणूस दूर राहूनही घरातल्या दुखऱ्या जागा इतक्या बरोबर लक्षात ठेवू शकतो, याचं मला आश्चर्य वाटलं.

पण पुरावा म्हणून तुम्ही तिचं चित्र पुढे केलंत. तेव्हा आता चित्रकाराला विचारणं भाग आहे. मी रविवारी घरी जाणार आहे.


२१ ऑक्टोबर

बाबा,

आईला सांगितलं. ती काय म्हणाली ते या पत्रात लिहीत नाही. आधी तुमचं काम पुरं होऊ दे.

सुधारलेला पेपर आज संपादकांकडे गेला. पद्धतीप्रमाणे तो पुन्हा त्याच परीक्षकाकडे येईल. माझी जात नवी आहे असं त्यात म्हटलं आहे. तुमची जात नेहमीच्या गांडुळात विलीन केली आहे, कारणांसह. शब्द सौम्य आहेत. "पुनरुत्पन्न अग्रभाग असलेला नमुना" असं लिहिलंय, "चूक" असं कुठेही नाही. अशा पेपरमध्ये चूक हा शब्द वापरत नाहीत.

संपादकांना मी कळवलं, की हा पेपर तपासणारी व्यक्ती माझ्या नात्यातली असू शकते. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: या विषयात दुसरं कोणी मिळत नाही, आणि परीक्षकाने तशी अडचण सांगितलेली नाही. तेव्हा निकाल तुमच्याच हातात आहे. नको म्हणालात तर वर्ष जाईल. माझ्याकडे वर्ष नाही.

आकृती दोन पाहा. तुमच्याच मूळ नमुन्याचं नवं चित्र आहे ते. आईने काढलंय.

ती त्यासाठी संग्रहालयात आली होती. बरणीमामांनी तिला "या ताई" म्हटलं, जशी काही ती कालच घरी गेली होती. तिचं जुनं स्टूल त्यांनी कुठूनसं शोधून आणलं. स्टुलाचा एक पाय तेव्हाही आखूड होता. तिने न बघता त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली. मग मायक्रोस्कोपवर वाकली. डाव्या हाताने उजवं मनगट टेबलावर दाबून धरायचं, एक रेघ ओढायची, सोडायचं, पुन्हा दाबायचं. संध्याकाळी बरणीमामांनी चहा आणला तेव्हा तिने तो बशीत ओतून घेतला, म्हणजे आवाज होणार नाही.

मी म्हटलं, फोटो घेऊ, सोपं पडेल. ती म्हणाली, "कॅमेऱ्याला काय कळतं कुठे थांबायचं ते."

रेघ कुठे कुठे थरथरली आहे. जवळून पाहिलं तर कळतं. वलयं मात्र आहेत तितकी आहेत आणि आहेत तशी आहेत.


३० नोव्हेंबर

बाबा,

तुमचा दुसरा अभिप्राय आला. या वेळीही सही नाही. "प्रसिद्ध करण्यास हरकत नाही." स्वतःची एकुलती एक जात एका ओळीत सोडून दिलीत. मी ती ओळ दोनदा वाचली आणि क्षणभर, कबूल करते, मला वाटलं की चला, शेवटी माणूस कामाशी प्रामाणिक निघाला. संचालकांना फोन करायला मी उठलेही होते.

मग खालचे तीन मुद्दे वाचले. पहिला, संदर्भयादीत एक वर्ष चुकलं आहे. दुसरा, मातीच्या खोलीचं माप एका जागी दिलेलं नाही. दोन्ही बरोबर आहेत. तिसरा असा:

"आकृती २ मध्ये पुढची तीन वलयं बारीक काढली आहेत. छपाईत डाग वाटेल. एकसारखी करावीत."

आता आई काय म्हणाली ते सांगते.

त्या रविवारी मुलं घरी गेली होती. आई टेबलाशी बसून त्यांच्या पेन्सिलींना टोक करत होती. हात कापायला लागल्यापासून ती हे काम चाकूऐवजी शार्पनरने करते आणि त्याचा तिला राग आहे. मी सगळं एका दमात सांगितलं. फावडं, तुटलेलं तोंड, पाच गेली, तीन आली. तुझ्या नावाची जात उरणार नाही, हेही सांगितलं. मग भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं आणि विचारलं, हे असं कसं काढलंस?

तिने पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर तपासलं.

"मी बारीकच काढली होती," ती म्हणाली. "हे म्हणाले, छपाईत डाग वाटेल, एकसारखी कर."

हे. वीस वर्षांत तिच्या तोंडून तुमच्यासाठी हा शब्द मी ऐकला नव्हता. ती "तुझा बाप" म्हणते, फार तर "तो". त्या वेळची गोष्ट सांगताना ती त्या वेळच्या शब्दात गेली आणि तिला ते कळलंही नाही.

"मग?"

"मग केली. ब्लेडने खरवडून पुन्हा काढली. नवं लग्न होतं."

"तुला कळलं होतं ते काय आहे?"

"मला गांडुळातलं काय कळणार. मला एवढं कळलं, की आहे ते हे आहे आणि मी काढतेय ते हे नाही." शार्पनरमधला भुसा झटकून म्हणाली, "त्यांनाही दिसलं होतं. दिसलं नसतं तर एकसारखी कर म्हणाले नसते."

मी नावाचं विचारलं. तुम्ही तिचं नाव ठेवलंत ते आधी की नंतर?

"नंतर. चित्र दिल्यावर. तोवर दुसरंच काहीतरी ठरलं होतं, त्या डोंगराचं नाव. चित्र हातात घेतलं, पाहिलं, आणि म्हणाले, याला तुझं नाव देऊ."

तेव्हा मला भिंतीवरच्या त्या काचेचा अर्थ लागेना. इतकी वर्षं ती पुसते. मी म्हटलं, मग टांगलंस कशाला?

"विसरू नये म्हणून," ती म्हणाली आणि पुढची पेन्सिल घेतली.

तुमचं म्हणून तिच्याकडे एवढं एकच आहे, असं तुम्ही लिहिलं होतं. बरोबर आहे. फक्त ते काय आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. मी इतके दिवस जे जपत होते ते तिचं समाधान नव्हतं. तिला मी वाचवत होते आणि ती मी बरणी उघडायची वाट पाहत होती.

हो किंवा नाही, एवढंच मी तुम्हाला सप्टेंबरमध्ये विचारलं होतं. तुम्ही आता उत्तर दिलंत. जात गेली ते तुम्ही सोसलंत, कारण तशी चूक कोणाचीही होते. उगवलेल्या तोंडाला फसलेली मोठमोठी माणसं आपल्या शास्त्रात आहेत. पण ती तीन वलयं कागदावर बारीक दिसली, तर वाचणारा विचारील, की थरथरत्या हाताच्या बाईला इतकं दिसलं ते तुम्हाला कसं नाही दिसलं? तेवढं तुम्हाला नको आहे. तिचे शब्द तुम्हाला माहीत नव्हते, मी मुद्दामच लिहिले नव्हते, आणि तरी तुम्ही तेच वाक्य लिहिलंत. तीस वर्षं तुमच्याजवळ तयार असणार ते.

नव्या जातीला आईचं नाव द्यावं असं माझ्या मनात होतं. तिला विचारलं. म्हणाली, "एकदा झालं तेवढं पुरे. मातीचं नाव दे, ती कोणाच्या उपकारात नसते." राखेच्या रंगावरून नाव ठेवलं आहे. आणि तुम्हाला माहीत आहेच, आपल्या शास्त्रात विलीन झालेलं नाव पुसलं जात नाही. नेहमीच्या गांडुळाच्या नावाखाली बारीक अक्षरात ते कायम राहील, शेजारी तुमचं नाव आणि साल. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सुटका नाहीच." मग हसली. मला हसू आलं नाही.

भिंतीवरचं चित्र तिने उतरवलेलं नाही. त्याच्या शेजारी दुसरं लावलं आहे. मुलं विचारतात, दोन्हींत फरक काय. ती सांगत नाही, मोजा म्हणते.

संपादकांना पाठवायचं उत्तर मी तयार केलं आहे. ते तुमच्याकडे येईलच, पण त्यांच्याकडून येणाऱ्या कागदावर माझी सही नसेल, म्हणून इथे लिहून खाली सही करते आहे. यापुढे घरच्या पत्त्यावर पत्र येणार नाही.

माननीय परीक्षकांस,

काळजीपूर्वक वाचनाबद्दल आभार.

मुद्दा १. मान्य. वर्ष दुरुस्त केलं आहे.

मुद्दा २. मान्य. माप घातलं आहे.

मुद्दा ३. मान्य नाही. मूळ नमुन्याची पुढची तीन वलयं बारीक आहेत. चित्रकाराने ती दोनदा मोजली आहेत, एकदा डोळ्याने, एकदा सुईने. आकृती आहे तशी छापावी.

तुमची मुलगी